इशारा आणि गाव : उत्तर समुद्रातील १९५३ च्या हिवाळी वादळाचा अभ्यास

१

आपत्तीचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पूर्वज्ञानाचा. जे घडले ते कोणास आधी ठाऊक होते काय, आणि असल्यास त्या ज्ञानाचे पुढे काय झाले, हा तो प्रश्न होय. इ. स. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्रात उठलेल्या वादळाच्या बाबतीत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. शनिवार, ३१ जानेवारीची रात्र आणि रविवार, १ फेब्रुवारीची पहाट या काही तासांत नेदरलंड्सच्या नैर्ऋत्य भागातील समुद्रबांध शेकडो ठिकाणी फुटले. त्या देशात १,८३६ माणसे मृत्यू पावली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर जमिनीवरील मृतांची संख्या ३०७ होती. बेल्जियमच्या किनाऱ्यावरही माणसे बुडाली. स्टॅनरेअर व लार्न या बंदरांदरम्यान जाणारी 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' ही प्रवासी नौका त्याच वादळात ३१ जानेवारीच्या दुपारी बुडाली आणि तिच्यावरील १३० हून अधिक माणसे गेली.

या घटनेचे वर्णन करताना दोन प्रकारची स्पष्टीकरणे वारंवार पुढे केली जातात. पहिल्यानुसार हा निसर्गाचा अकल्पित कोप होता व त्यापुढे मनुष्याचा इलाज नव्हता. दुसऱ्यानुसार वेधशाळा झोपली होती. उपलब्ध वृत्तान्त तपासून पाहता ही दोन्ही स्पष्टीकरणे टिकत नाहीत. वादळ येणार हे वर्तवले गेले होते. पाणी धोकादायक उंचीपर्यंत चढेल असा इशाराही बांध फुटण्यापूर्वी कित्येक तास आधी निघाला होता. तरीही ज्या गावांवर पाणी आले त्या गावांतील बहुसंख्य माणसे अंथरुणात होती. तेव्हा अंदाज चुकला काय, हा खरा प्रश्न नव्हे. वेधशाळेच्या टेबलापासून गावातील दारापर्यंतचे अंतर कोणाच्या जबाबदारीचे होते, हा खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर असे, की ते कोणाच्याच जबाबदारीचे नव्हते. हे असे का व्हावे, याचा विचार येथे केला आहे.

२

प्रथम वादळाचे स्वरूप लक्षात घेणे इष्ट आहे. जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत आइसलंडच्या दक्षिणेस एक कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले. ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडून पूर्वेस सरकत असता तीव्र होत गेले, आणि नंतर आग्नेयेस वळून उत्तर समुद्र ओलांडीत जर्मनीच्या किनाऱ्याकडे गेले. त्याच्या पाठोपाठ पश्चिमेस उच्च दाबाचे क्षेत्र सरकत होते. या दोहोंमध्ये वायुभाराचा उतार फार मोठा झाल्याने उत्तर व वायव्य दिशांकडून प्रचंड वारा सुटला. ऑर्कनी बेटांवरील कोस्टा हिल येथे वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी सुमारे १२५ मैल नोंदला गेला. स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील वनांची अपरिमित हानी झाली.

उत्तर समुद्राचा आकार नरसाळ्यासारखा आहे. उत्तरेस तो रुंद व खोल असून दक्षिणेस अरुंद व उथळ होत जातो आणि डोव्हरच्या सामुद्रधुनीपाशी जवळजवळ मिटतो. उत्तरेचा वारा दीर्घकाळ वाहिला, की या नरसाळ्याच्या तळाशी पाणी साचते, कारण सामुद्रधुनीतून त्यास पुरेशी वाट मिळत नाही. कमी वायुभारामुळेही पाण्याची पातळी वर येते. एक मिलिबार भार घटल्यास पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढते, असा ढोबळ हिशेब आहे. तथापि या वादळात मुख्य कार्य वाऱ्याचे होते. भरतीच्या नेहमीच्या पाण्यावर वादळाने चढवलेल्या या वाढीव पाण्यास येथे 'वादळी उधाण' असे म्हटले आहे. पौर्णिमा ३० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. त्यामुळे समुद्राचे नेहमीचे उधाणही त्या दिवसांत होते. तथापि ते असाधारण मोठे नव्हते. आपत्ती आली ती चंद्राच्या उधाणावर वादळी उधाण येऊन बसल्यामुळे. राइन नदीच्या मुखाजवळील हुक ऑफ हॉलंड येथे पाणी ॲम्स्टरडॅमच्या प्रमाण-पातळीपेक्षा ३.८५ मीटर वर गेले.

या घटनेचे आणखी एक लक्षण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. उत्तर समुद्रातील भरतीची लाट, आणि तिच्याबरोबर वादळी उधाणही, ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते व मग वळून हॉलंडच्या किनाऱ्यास लागते. म्हणजे उत्तरेकडील गावास जे आता दिसते, ते दक्षिणेकडील गावास काही तासांनी दिसणार असते. लिव्हरपूल येथील भरती-संशोधन संस्थेत आर्थर डूडसन यांनी १९२८ च्या टेम्स-पुरानंतर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास आरंभला होता. कॉर्कन यांनी जानेवारी १९४९ मधील अशाच एका उधाणाचे विवेचन १९५० साली प्रसिद्ध केले होते. तेव्हा वादळी उधाण प्रवास करते हे शास्त्रास अज्ञात नव्हते.

३

नेदरलंड्सची राजकीय वेधशाळा दे बिल्त या गावी आहे. इ. स. १८५४ मध्ये बाइस बलॉट यांच्या नेतृत्वाखाली ती स्थापन झाली. १९१६ च्या जानेवारीत झाउडर समुद्राकाठी मोठा पूर आला, आणि त्या अनुभवानंतर १९२१ पासून वेधशाळा व शासनाचे जलबांधकाम खाते यांच्या सहकार्याने वादळी पुराची इशारा-सेवा सुरू झाली. ही सेवा कोणासाठी होती हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाचा पाया तेथे आहे. ती सामान्य नागरिकांसाठी नव्हती. बांधांची देखरेख ज्यांच्याकडे होती अशा संस्था, बंदरे व शासकीय अधिकारी यांच्यासाठी ती होती. आणि इशारा त्यांना तारेने जात असे. त्यासाठी नाव नोंदवावे लागे. म्हणजे इशारा हा एका अर्थी वर्गणीदारांचा होता.

३१ जानेवारी रोजी दे बिल्तने आपले काम केले. सकाळी पाणी बरेच चढेल अशी पहिली सूचना निघाली. दिवसभरात वायुभाराचे आकडे व उत्तरेकडील ठाण्यांची वृत्ते येत गेली, तसतसे चित्र गंभीर झाले, आणि संध्याकाळी सहाच्या आत 'धोकादायक उंच पाणी' असा इशारा तारेने रवाना झाला. त्या काळी प्रचारात असलेल्या श्रेणींमध्ये यापेक्षा वरचा शब्द नव्हता. इशारा रॉटरडॅम, विलेमस्टाड व बर्गेन-ऑप-झूम या गटांच्या नावे होता. संध्याकाळच्या नभोवाणीवरील वृत्तातही वादळाचा व उंच पाण्याचा उल्लेख झाला. त्यानंतर मध्यरात्री, नित्य प्रघाताप्रमाणे, हिल्व्हर्समची नभोवाणी बंद झाली. रात्रभर ती चालू ठेवून लोकांना सावध करण्याची कोणतीही तरतूद अस्तित्वात नव्हती.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. पहिली शब्दाची. 'धोकादायक' ही श्रेणी पूर्वीही वापरली गेली होती, आणि त्या वेळी बांध टिकले होते. श्रेणीतील सर्वोच्च शब्द जर मोठ्या व अतिमोठ्या संकटास सारखाच लावावा लागत असेल, तर ऐकणारा त्याचा अर्थ आपल्या पूर्वानुभवावरून ठरवतो. दुसरी गोष्ट स्थळाची. गट तीन शहरांच्या नावांनी ओळखले जात. गटाची व्याप्ती किती, हे अधिकाऱ्यांस ठाऊक होते. परंतु स्खाउवेन-डाउव्हेलांड बेटावरील शेतकऱ्याने नभोवाणीवर बर्गेन-ऑप-झूमचे नाव ऐकले, तर ते आपल्याविषयी आहे असे त्याने का मानावे? तिसरी गोष्ट वेळेची. शनिवारची संध्याकाळ होती. कचेऱ्या बंद झाल्या होत्या. त्याच दिवशी राजकन्या बेआत्रिक्सचा पंधरावा वाढदिवस असल्याने अनेक गावी समारंभ होते. तार पोहोचली तरी ती उघडून तीवर कृती करणारा अधिकारी जागेवर असेलच, याची शाश्वती नव्हती.

४

आता गावाकडे वळले पाहिजे. झेलंड व दक्षिण हॉलंड या प्रांतांतील बेटे म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल शेतजमिनींचा समूह होय. कोकणातील खाजणाची कल्पना असणाऱ्यास ही रचना सहज समजेल : बाहेर खारे पाणी, मध्ये बांध, आत भरतीच्या पातळीखालची शेते, आणि ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी दारे. फरक इतकाच, की येथे बांधाच्या आत संपूर्ण गावे वसली होती. बांधांची निगा जलमंडळांकडे असे. ही मंडळे शेकडो वर्षांची परंपरा असलेल्या स्वायत्त स्थानिक संस्था होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यास देशभर त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात होती. कित्येक मंडळांच्या ताब्यात अगदी थोडी जमीन व तितकेच थोडे उत्पन्न असे. दे बिल्तच्या इशारा-सेवेत नाव नोंदवलेली मंडळे फारच थोडी होती.

बांधांच्या दुर्बलतेची कल्पना शासनास नव्हती असे नाही. जलबांधकाम खात्यातील अभियंता योहान व्हान व्हेन हे १९३० नंतरच्या दशकापासून नैर्ऋत्येकडील बांध अपुरे असल्याचे सांगत होते. त्याच खात्यातील वेमेल्सफेल्डर यांनी १९३९ साली भरतीच्या नोंदींचे संख्याशास्त्रीय विवेचन करून असे दाखवले, की पाण्याच्या उंचीस कोणतीही ठाम कमाल मर्यादा नसते. उंची वाढेल तशी संभाव्यता घटते, इतकेच. हा विचार स्थानिक व्यवहाराच्या नेमका विरुद्ध होता. झेलंडमध्ये बांधाची उंची पूर्वीच्या सर्वांत मोठ्या पाण्यावरून, विशेषतः मार्च १९०६ च्या पुरावरून मोजली जाई. गावाच्या दृष्टीने १९०६ चे पाणी ही समुद्राच्या सामर्थ्याची सीमा होती. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती केवळ एक नोंद होती. महायुद्ध व त्यानंतरची पुनर्रचना यांत बांधांचे काम मागे पडले. नदीमुखे बंद करण्यासंबंधीचे व्हान व्हेन यांचे एक टिपण वादळाच्या अवघ्या काही दिवस आधी सादर झाले होते.

त्या रात्री गावांत जे घडले त्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा आहे. रात्री दहाच्या सुमारास ओहोटी व्हावयास हवी होती. परंतु पाणी फारसे उतरलेच नाही. बंदरावरील कोळी, बांधावरून फिरणारे पहारेकरी आणि घरी परतणारे लोक यांनी हे पाहिले. समुद्राकाठी वाढलेल्या माणसास या लक्षणाचा अर्थ समजणे कठीण नव्हते : ओहोटीलाच पाणी इतके वर असेल, तर पुढची भरती कोठवर जाईल? काही ठिकाणी त्यांनी बांधावरील फटींत फळ्या बसवल्या, वाळूच्या पिशव्या रचल्या, शेजाऱ्यांना उठवले. कोलाइन्सप्लाट या गावी बंदराच्या दारातील फळ्या पाण्याच्या दाबाने वाकू लागल्या, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या पाठी लावून त्या धरून ठेवल्या. एक नौका आडवी येऊन लाटांचा मार तुटला, आणि गाव वाचले. अन्यत्र लोक बांध पाहून घरी गेले व निजले. बांधाने आजवर धरले होते. ते आजही धरील, हा त्यांचा तर्क अनुभवास सोडून नव्हता.

पहाटे दोन-तीनपासून बांध फुटू लागले. पुष्कळ ठिकाणी पाण्याने बांध समोरून ढकलला नाही. ते माथ्यावरून आत सांडले, आतील उताराची माती धुऊन गेली, आणि मग बांध मागच्या बाजूने खचला. समुद्राकडील बाजू दगडांनी बांधलेली, परंतु आतील बाजू अरुंद व उभ्या उताराची, असे त्यांचे बांधकाम होते. खुरे-फ्लाके बेटावरील आउडे-टोंगे गावी ३०५ माणसे मेली. स्खाउवेन-डाउव्हेलांडवरील न्यूवरकेर्क येथे २८८. सकाळी जे घरांच्या माळ्यावर व छपरांवर तग धरून होते, त्यांतील अनेकांवर रविवारी दुपारची दुसरी भरती आली. पहिल्या पाण्याने खिळखिळी झालेली घरे तिने पाडली. या दुसऱ्या भरतीचा काळ तर भरती-कोष्टकावरून प्रत्येकास ठाऊक होता. पण तोवर तारा व दूरध्वनी तुटले होते, आणि बेटांची अवस्था काय आहे हे मुख्य भूमीवर कोणासही नीटसे कळले नव्हते. झीरिकझे येथून हौशी बिनतारी-चालकांनी पाठवलेल्या संदेशांवर कित्येक तास विसंबावे लागले. म्हणजे आधी वेधशाळेकडून गावाकडे जाणारी वाट नव्हती; नंतर गावाकडून राजधानीकडे जाणारी वाटही उरली नाही.

५

हॉलंडमध्ये अंदाज होता, परंतु वाट नव्हती. इंग्लंडमध्ये दोष वेगळ्या ठिकाणी दिसतो. १९२८ च्या जानेवारीत टेम्सच्या पुरात लंडन येथे १४ माणसे बुडाली होती, व त्यानंतर लंडनपुरती मर्यादित व्यवस्था झाली होती. परंतु पूर्व किनाऱ्यासाठी सर्वसाधारण अशी पुराची इशारा-सेवा नव्हती. तथापि वर सांगितल्याप्रमाणे उधाण उत्तरेकडून दक्षिणेस येत असल्याने किनारा स्वतःच एक वेधयंत्र होता. प्रश्न होता तो वरच्या गावाने खालच्या गावास सांगण्याचा.

घटनांचा क्रम असा आहे. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी सातच्या सुमारास लिंकनशरमधील मेबलथॉर्प व सटन-ऑन-सी येथे समुद्र आत शिरला. साडेसातच्या सुमारास नॉरफोकमधील हन्स्टंटन येथे पाणी आले. तेथून ७ वाजून २७ मिनिटांनी किंग्ज लिनकडे निघालेल्या आगगाडीवर पाण्याबरोबर वाहत आलेले एक घर आदळले. मध्यरात्रीच्या सुमारास सफोकमधील फेलिक्स्टो येथे ४१ माणसे मेली. त्यांतील अनेक तात्पुरत्या बांधणीच्या घरांत राहत होती. त्यानंतर एसेक्समधील जेविक, आणि रात्री एकच्या सुमारास टेम्सच्या मुखावरील कॅन्व्ही बेट. कॅन्व्ही येथे ५८ माणसे मेली. हे बेट सतराव्या शतकात डच कारागिरांनी बांध घालून समुद्रापासून मिळवले होते, ही गोष्ट या संदर्भात उल्लेखनीय आहे. दोन्ही किनाऱ्यांवरील दुर्बलता एकाच विद्येतून आलेली होती.

मेबलथॉर्पपासून कॅन्व्हीपर्यंत सहा तास होते. सहा तासांत अकरा-बारा हजार वस्तीचे बेट पूर्णपणे रिकामे करणे कदाचित शक्य झाले नसते. परंतु लोकांना जागे करून वरच्या मजल्यावर किंवा बांधावर नेणे शक्य होते. ते झाले नाही, याचे कारण कोणी निष्काळजी होता असे नाही. लिंकनशरचे पोलीस व नदी-मंडळ आपापल्या हद्दीतील माणसे वाचवण्यात गुंतले होते. दूरध्वनीच्या तारा पडल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे शेजारच्या परगण्यास कळवणे हे कोणाच्याही कर्तव्य-सूचीत नव्हते. प्रत्येक परगण्याने आपल्यावर आलेले संकट स्थानिक मानले. हिल्डा ग्रीव्ह यांनी एसेक्स परगण्याच्या वतीने लिहिलेला 'द ग्रेट टाइड' हा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्या अभिलेखागारात काम करणाऱ्या इतिहास-अभ्यासक होत्या. कागदपत्रे व साक्षी यांच्या आधारे त्यांनी ती रात्र तासातासाने उभी केली, आणि समुद्राची गती व वार्तेची गती यांतील तफावत त्यातून स्पष्ट झाली. स्थानिक इतिहासाची पद्धत मोठ्या प्रश्नास किती उपकारक ठरते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

६

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. इशारा प्रत्येक दारी पोहोचला असता, तरी लोक घराबाहेर पडले असते काय? थंडीची रात्र, सोसाट्याचा वारा, गोठ्यात गुरे, घरात मुले, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला बांध. अशा स्थितीत केवळ एका शब्दावर विश्वास ठेवून घर सोडणे सोपे नव्हते. ज्यांनी ओहोटीचे चढते पाणी प्रत्यक्ष पाहिले, त्यांतीलही पुष्कळ जण घरी जाऊन निजले, हे वर आलेच आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळेच आपत्तीचा सर्व दोष एखाद्या तारेवर किंवा नभोवाणीच्या वेळापत्रकावर ठेवणे अनैतिहासिक ठरेल.

परंतु या आक्षेपाने मूळ विधान खोडले जात नाही. उलट ते अधिक नेमके होते. इशारा म्हणजे केवळ वार्ता नव्हे. ऐकणाऱ्यास आपले गाव, आपला बांध व आपली वेळ त्यात ओळखू आली पाहिजे, आणि काय करावे हे आधी ठरलेले असले पाहिजे. या विधानाची कसोटी नऊ वर्षांनी, अतिशय क्रूर रीतीने, जर्मनीत झाली. १९६२ च्या फेब्रुवारीत १६ व १७ तारखांच्या रात्री अशाच वायव्य वादळाने उत्तर समुद्राचे पाणी एल्ब नदीत चढवले. या वेळी नभोवाणीवरून इशारे दिले गेले होते. परंतु ते जर्मनीच्या उत्तर समुद्र-किनाऱ्यासाठी होते. हांबुर्ग नगर मुखापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे. विल्हेल्म्सबुर्ग भागातील रहिवाशांस ते आपल्यासाठी आहेत असे वाटले नाही. मध्यरात्रीनंतर बांध फुटले आणि हांबुर्ग येथे ३१५ माणसे मेली. त्यांतील बहुतेक विल्हेल्म्सबुर्गची होती. १९५३ च्या हॉलंडमध्ये नभोवाणी निजली होती. १९६२ च्या हांबुर्गमध्ये ती जागी होती. तरी परिणाम फारसा निराळा झाला नाही, कारण इशाऱ्यातील भूगोल आणि ऐकणाऱ्याचा भूगोल एक नव्हते.

७

१९५३ नंतर ज्या सुधारणा झाल्या त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बांधकामाचा. फेब्रुवारी १९५३ मध्येच डच शासनाने डेल्टा आयोग नेमला. १९५८ साली डेल्टा कायदा संमत झाला. नदीमुखे बंद करून किनाऱ्याची लांबी कमी करावी, हा व्हान व्हेन यांचा विचार त्याच्या मुळाशी होता, आणि बांधांची उंची ठरवताना गतकाळातील सर्वोच्च पाण्याऐवजी वेमेल्सफेल्डर यांच्या पद्धतीची संभाव्यता आधारभूत मानली गेली. पूर्व स्खेल्डचा दरवाजांचा बांध १९८६ मध्ये व रॉटरडॅमजवळचा मास्लांटचा बांध १९९७ मध्ये कार्यान्वित झाला. इंग्लंडमध्ये टेम्सवरील बांधाचे औपचारिक उद्घाटन १९८४ साली झाले. ही कामे सर्वपरिचित आहेत.

दुसरा वर्ग इशाऱ्याचा. तो कमी परिचित आहे. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. ब्रिटिश शासनाने व्हायकाउंट वेव्हर्ली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या अंतरिम शिफारशीनुसार १९५३ सालीच पूर्व किनाऱ्यासाठी वादळी उधाणाची इशारा-सेवा सुरू झाली. उत्तरेकडील भरतीमापकांची वाचने दक्षिणेकडील भागांस कळवणे हे आता नेमून दिलेले काम झाले. किनाऱ्याच्या ज्या स्वाभाविक वेधयंत्राकडे त्या रात्री कोणाचे लक्ष गेले नाही, ते अशा रीतीने व्यवस्थेत आले. हॉलंडमध्ये जलमंडळांचे क्रमाने एकत्रीकरण होत गेले. एकेकाळी अडीच हजारांच्या घरात असलेली ही मंडळे आज २१ आहेत. मोठ्या मंडळास रात्रंदिवस माणूस जागता ठेवणे परवडते. चार शेतांच्या मंडळास ते परवडत नव्हते. तथापि या लाभाबरोबर एक हानीही झाली, हे नमूद केले पाहिजे. बांधाचा प्रत्येक दगड ओळखणारा गावचा माणूस व्यवस्थेच्या केंद्रापासून दूर गेला.

या व्यवस्थेची खरी परीक्षा २०१३ च्या डिसेंबरमध्ये झाली. ५ व ६ डिसेंबर रोजी उत्तर समुद्रात आलेल्या वादळाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर अनेक ठिकाणी १९५३ च्या पातळीइतके, आणि काही ठिकाणी त्याहून वर, पाणी चढवले. या वेळी संगणकी गणितामुळे संकटाची चाहूल काही दिवस आधी लागली होती. इशारे किनाऱ्याच्या लहान लहान पट्ट्यांना उद्देशून निघाले. धोक्याच्या भागांतील हजारो लोकांना आधीच हलवण्यात आले. टेम्सचा व पूर्व स्खेल्डचा, असे दोन्ही बांध मिटवण्यात आले. बॉस्टन नगरात पाणी शिरले; नॉरफोकमधील हेम्सबी येथे वाळूच्या टेकाडावरील घरे समुद्रात कोसळली. परंतु १९५३ ची मनुष्यहानी पुन्हा झाली नाही. घरे वाचवणे अंदाजाच्या हातात नसते. माणसे वाचवणे काही अंशी असते, हा भेद त्या रात्री दिसून आला.

या सर्व विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. हवामानाचा अंदाज वर्तवण्याचा इतिहास सामान्यतः शास्त्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो : तारायंत्र, वायुभाराचे नकाशे, संगणक, उपग्रह. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या संध्याकाळी दे बिल्त येथील शास्त्रज्ञांस जे कळले होते, ते बहुतांशी पुरेसे होते. उणीव होती ती त्या ज्ञानास गावाच्या भाषेत, गावाच्या नावाने व गावाच्या वेळी पोहोचवणाऱ्या संस्थेची. अशी संस्था शास्त्रातून आपोआप निर्माण होत नाही. ती कोणी तरी स्थापावी लागते, तिच्यावर खर्च करावा लागतो, आणि वादळ नसलेल्या असंख्य रात्रीही तेथे एक माणूस जागा ठेवावा लागतो. स्खाउवेन-डाउव्हेलांडवरील आउवरकेर्क येथील अखेरचे खिंडार ६ नोव्हेंबर १९५३ रोजी बुजवण्यात आले. ते बुजवण्यासाठी बुडवलेल्या काँक्रीटच्या प्रचंड पेट्यांत आज त्या पुराचे संग्रहालय आहे. त्या रात्री बुडालेल्यांपैकी अनेकांच्या घरी नभोवाणीचा संच होता. मध्यरात्रीनंतर तो मुका होता, आणि भरती यावयाची होती.